मार्गदर्शकाच्या नावाने प्रबंध शोधताना

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयातले जुने ग्रंथ आणि अहवाल आज घरबसल्या वाचता येतात. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने चालवलेल्या शोधगंगेवर देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध मिळतात. दोन्हीकडे पडद्यामागे राबते ते डीस्पेस. अमेरिकेतल्या एमआयटीची ग्रंथालये आणि ह्यूलेट-पॅकार्ड कंपनी यांनी मिळून २००२ मध्ये आणलेले हे सॉफ्टवेअर मुक्तस्रोत आहे, फुकट आहे.

डीस्पेसमधली प्रत्येक नोंद डब्लिन कोअर या नोंदपद्धतीच्या रकान्यांत भरली जाते. (हे डब्लिन आयर्लंडचे नव्हे, ओहायोतले, तिथे १९९५ साली झालेल्या बैठकीतून ही पद्धत निघाली.) मूळ घटक पंधराच, पण त्यांना पोटभाग जोडता येतात. प्रबंधाच्या मार्गदर्शकासाठीही असा वेगळा रकाना आहे.

मेख पुढे आहे. रकाना भरला म्हणजे त्यावरून शोध घेता येतो, असे नाही. मुख्य चौकटीत मार्गदर्शकाचे नाव टाकले, तर ते जिथे जिथे आले आहे ते सगळे समोर येते: त्यांनी स्वतः लिहिलेले, त्यांचे आभार मानणारे, संदर्भसूचीत त्यांचा उल्लेख करणारे. नेमके त्यांच्या हाताखाली झालेले प्रबंध हवे असतील तर वेगळा फिल्टर लागतो. लेखक, विषय, वर्ष यांचे फिल्टर तयार मिळतात. मार्गदर्शकाचा मुद्दाम बसवावा लागतो.

त्यासाठी डिस्कव्हरी डॉट एक्सएमएल ही फाइल उघडायची. फिल्टरला नाव द्यायचे, कोणता रकाना वाचायचा ते सांगायचे आणि तो फिल्टर वापरात असलेल्या शोधरचनेच्या यादीत जोडायचा. ही शेवटची पायरी हमखास राहते. मग सर्व्हर पुन्हा सुरू करायचा आणि सोलर या शोधयंत्राची अनुक्रमणिका नव्याने बांधायची. ती बांधली नाही तर जुन्या नोंदी नव्या फिल्टरला दिसतच नाहीत.

एवढे करूनही मराठीचा प्रश्न उरतो. डीस्पेसमध्ये शब्दाची रूपे ओळखण्याची तयार सोय इंग्रजीपुरती असते. ‘शेती’ शोधणाऱ्याला ‘शेतीचा’ हा शब्द हाती लागेलच असे नाही. ‘गाडगीळ, ध. रा.’, ‘धनंजयराव गाडगीळ’ आणि रोमन लिपीतले गाडगीळ ही यंत्राच्या लेखी तीन वेगळी माणसे. यावर फाइलमध्ये उपाय नाही. नावे कोणत्या एका रूपात लिहायची हे नोंद करणाऱ्याने आधीच ठरवायला हवे, आणि माझ्या मते ग्रंथपालाचे खरे कसब इथेच दिसते.

फिल्टरचे काम मात्र सोपे आहे. तुमच्या विद्यापीठाचा संग्रह डीस्पेसवर असेल आणि मार्गदर्शकाच्या नावाने चाळता येत नसेल, तर ग्रंथपालांना तसे लिहून कळवा. त्यासाठी नवे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही.