नाबोथाचा मळा

अहाब राजाला आपल्या वाड्यालगतचा नाबोथाचा द्राक्षमळा भाजीपाल्याकरितां हवा होता. बदल्यांत याहून चांगला मळा किंवा रोख दाम देण्यास तो तयार होता. सौदा वाईट नव्हता! तरी नाबोथानें वडिलार्जित भूमि दिली नाहीं, आणि त्यापायीं त्याचा प्राण गेला. या नकाराचें मर्म बायबलांतील लेवीय पुस्तकाच्या २५ व्या अध्यायांत आहे. भूमि देवाची, कुटुंब तिचें केवळ कूळ. सातव्या वर्षीं तिला विसांवा द्यावयाचा. विकली तरी ५० व्या वर्षीं ती मूळ घराण्याकडे परत यावयाची. म्हणजे विकावयाचीं तीं फक्त मधल्या वर्षांचीं पिकें.

वसईच्या ख्रिस्ती वाडीवाल्यांपुढें हाच प्रश्न १९८० नंतर उभा राहिला. केळी-पानवेलींच्या वाड्यांतील विहिरींचें पाणी टँकरांनीं बाहेर जाऊं लागलें, तेव्हां फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांनीं हरित वसईच्या चळवळीचें नेतृत्व केलें. येथें राजा नव्हता; विकणारे पुष्कळदां घरचेच होते. वाडी वांटून घेतां येते, जमिनीखालचें पाणी वांटतां येत नाहीं. एका भावानें बेसुमार उपसलें कीं दुसऱ्याची विहीर आटते, आणि किनाऱ्यालगत त्या रिकाम्या जागीं समुद्राचें खारें पाणी शिरतें.