घाट उतरण्याआधी पॅड मोजून घ्या

कर्जतला गाडीला मागून बँकर इंजिनं लागतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं; तेवढ्यात फलाटावर वडा खाऊन होतो. पण खंडाळ्याकडून उतरणाऱ्या गाड्या घाटात थांबवून त्यांचे ब्रेक तपासले जातात, याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. ३७ मीटरला १ मीटर असा हा उतार. गाडी सुटलीच तर ती आवरायला चढावर नेणाऱ्या कॅच सायडिंगही आहेत. रेल्वे १८६३ पासून हा घाट उतरते आहे, ती ब्रेकवर भरवसा ठेवून नव्हे, ब्रेक तपासून. त्याच डोंगरावरून खोपोलीला उतरणारा मोटारवाला मात्र 'ब्रेक लागतायत ना!' एवढ्यावर निघतो.

माणसं धरून दीड टनाची गाडी खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत साधारण ५०० मीटर खाली येते. इंजिनाची मदत न घेता नुसत्या ब्रेकवर उतरलात, तर २० लिटर पाण्याला उकळी फुटेल एवढी उष्णता ब्रेकमध्ये तयार होते. नेरळच्या बाजूला दस्तुरी नाक्यावरून उतरताना तर उंची याहून जास्त आणि वळणं आवळलेली. पॅड जाड असेल तर ही उष्णता पिस्टनपर्यंत पोचायला वेळ लागतो. झिजलेल्या पॅडमधून ती लवकर ब्रेक ऑइलपर्यंत जाते. ऑइल हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ३ ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओल धरल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत उतरते. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते आणि पेडल सरळ खाली जातं.

म्हणून पॅड मोजायचा. नव्या पॅडवरचा घर्षणाचा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो. ३ मिलिमीटर उरला की बदलायचा. घाटातून नेहमी ये-जा असेल तर मी ४ लाच बदला म्हणेन. मागची लोखंडी पट्टी यात धरायची नाही. ती धरली की संपत आलेला पॅडही जाड वाटतो, आणि घोटाळा बहुतेक वेळा इथेच होतो.

दुसरा घोटाळा आतल्या पॅडचा. अलॉय व्हीलच्या फटीतून बॅटरी मारून दिसतो तो बाहेरचा. कर्जत-खालापूरच्या पावसात लाल चिखल बसून कॅलिपरच्या गाईड पिना जाम झाल्या, की आतला पॅड डिस्कला घासतच राहतो. बाहेर ६ मिलिमीटर आणि आत २, असंही घडू शकतं. त्यामुळे गाडी सपाट जागी घ्या, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा, पुढचं चाक काढा. कॅलिपरच्या खिडकीतून दोन्ही पॅड व्हर्निअरने किंवा पॅड मोजायच्या पट्ट्यांनी मोजा, वरच्या आणि खालच्या टोकाला वेगवेगळे. टोकांमध्ये ठळक फरक आला तर नुसते पॅड बदलून भागणार नाही, पिना साफ करून ग्रीस लावावं लागेल. डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते, तीही बघा.

बऱ्याच लहान गाड्यांना मागे ड्रम असतो. त्याचे लायनर ड्रम उघडल्याशिवाय नीट कळत नाहीत.

पॅड संपत आल्यावर वाजणारी पट्टी अनेक गाड्यांत असते, पण ती बऱ्याचदा एकाच पॅडला असते. तिच्यावर विसंबू नका. आणि टाकीतलं ब्रेक ऑइल कमी दिसलं तर लगेच भरू नका. पॅड झिजले की पातळी उतरते, आधी पॅड बघा.

२६ जुलै २०२५ रोजी द्रुतगती मार्गावर खोपोलीजवळ ब्रेक निकामी झालेला कंटेनर वीसच्या आसपास गाड्यांवर आदळला आणि एका महिलेचा जीव गेला. ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात, यंत्रणा वेगळी. उष्णतेचा हिशेब तोच.

उतरताना जो गिअर चढताना लागतो तोच ठेवा, न्यूट्रल कधीच नको. आणि पुढच्या सर्व्हिसिंगला 'ब्रेक ओके' या शेऱ्यावर समाधान मानू नका. प्रत्येक चाकाचा आतला आणि बाहेरचा आकडा किलोमीटरसह बिलावर लिहून मागा.