पाटावरचे नाव

कोकणात घरगुती गणपतीची मागणी नोंदवण्याची जुनी रीत म्हणजे घरचा लाकडी पाट मूर्तिकाराच्या कारखान्यात नेऊन देणे. मूर्ती जिथे घडते ती जागा, मग ती घराची पडवी असो की पत्र्याची शेड, या भागात ‘कारखाना’ म्हणूनच ओळखली जाते. जुन्या वळणाचे लोक तिला ‘चित्रशाळा’ असेही म्हणतात. आषाढात, काही घरांतून नागपंचमीच्या सुमारास, पाट पोचता होतो. मूर्तिकार त्यावर खडूने आडनाव आणि गाव लिहून घेतो, मूर्ती त्याच पाटावर घडवतो किंवा बसवतो, आणि चतुर्थीला किंवा तिच्या आदल्या दिवशी घरचा माणूस तो पाट मूर्तीसह उचलून नेतो.

पनवेल–रोहा लोहमार्गावर पेण आणि नागोठणे यांच्यामध्ये कासू हे लहान स्थानक आहे, आणि तेथून पनवेलच्या दिशेने निघाले की पेणपाठोपाठ हमरापूर येते, ज्याच्या आसपास जोहे, तांबडशेत, कळवे अशी मूर्तिकामावर जगणारी गावे आहेत. येथील मोठी उलाढाल घाऊक आहे. रंगकाम न केलेली ‘कच्ची मूर्ती’ शेकड्यांनी व्यापाऱ्यांकडे जाते, तिची ‘आखणी’, म्हणजे डोळ्यांच्या रेषा काढण्याचे सर्वांत नाजूक काम, कित्येकदा दुसऱ्याच गावी होते, आणि पूजा करणाऱ्याला घडवणाऱ्याचे नावही ठाऊक नसते. पाटाचे गिऱ्हाईक या उलाढालीचा लहानसा भाग असले, तरी कारखान्याची पत त्याच्यावर उभी असते, कारण व्यापारी भाव पाहून कारखाना बदलतो, तर पाट दुसरीकडे नेणे सहसा कोणाला प्रशस्त वाटत नाही. आजोबांनी जिथे पाट दिला तिथेच नातू देतो. मूर्तीचे नाक यंदा जरा जाड झाले, तर तो तोंडावर तसे सांगतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच येतो.

या नात्याचे मोल कळण्यासाठी त्याच्याशेजारी दुसऱ्या प्रकारचे नाते ठेवून पाहणे उपयोगी पडते. हार्ले-डेव्हिडसन या महागड्या मोटरसायकली बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीने 24 सप्टेंबर 2020 रोजी भारतातील स्वतःची विक्री थांबवण्याचा आणि हरियाणातील बावल येथील कारखाना बंद करण्याचा निर्णय जाहीर केला, आणि मुंबई-पुण्यासह देशभरातील तीसहून अधिक विक्रेत्यांची गुंतवणूक अधांतरी लोंबकळू लागली. वाहन विक्रेत्यांचा महासंघ असलेल्या ‘फाडा’ने सुमारे 2,000 नोकऱ्या जाण्याची भीती व्यक्त केली. या कंपनीच्या मोटरसायकल मालकांची ‘हार्ले ओनर्स ग्रुप’ नावाची संघटना 1983 पासून आहे आणि तिची प्रत्येक स्थानिक शाखा एखाद्या विक्रेत्याच्या आश्रयाने चालते. सहली तिथून निघतात, ओळखी तिथे होतात, आणि दुरुस्ती करणारा कारागीर गाडी आवाजावरून ओळखतो. म्हणजे जिव्हाळा चिन्हाचा असला, तरी त्याचे घर विक्रेत्याचे दुकान होते. 27 ऑक्टोबर 2020 रोजी कंपनीने हीरो मोटोकॉर्पशी करार केला आणि विक्री व देखभाल त्या कंपनीकडे सोपवली. विक्रेतेपणाचा करार कंपनी आणि विक्रेता या दोघांतला असतो. गिऱ्हाईक त्यात पक्षकार नसते, म्हणून जुन्या विक्रेत्यासाठी त्याने कितीही मनापासून शब्द टाकला, तरी तो शब्द करारात कुठेच उमटत नाही.

कायद्यानेही येथे फारसा आधार दिलेला नाही. स्पर्धा अधिनियम, 2002 च्या कलम 3(4) मध्ये ‘व्यवहारास नकार’, म्हणजे एखाद्याला माल देण्याचे किंवा त्याच्याकडून घेण्याचे करारान्वये टाळणे, याचा उल्लेख आहे. पण त्यामुळे बाजारातील स्पर्धेवर लक्षणीय प्रतिकूल परिणाम होतो असे दिसले, तरच ते बेकायदा ठरते. एका विक्रेत्याचे दुकान उठल्याने बाजार हलत नाही, आणि त्याचे दुःख या कसोटीत बसत नाही. याउलट हार्लेचे मुख्यालय ज्या विस्कॉन्सिन राज्यात आहे, तेथे 1974 चा विक्रेतासंरक्षण कायदा सबळ कारणावाचून करार तोडू देत नाही, आणि वाहन विक्रेत्यांसाठी तेथे वेगळ्या तरतुदी आहेत. भारतीय विक्रेत्याला असे संरक्षण मिळायलाच हवे.

पुन्हा गणपतीकडे वळायचे तर, त्याच 2020 साली, कोविडच्या साथीमुळे, महाराष्ट्र शासनाने सार्वजनिक मूर्तीची उंची 4 फुटांवर आणि घरगुती मूर्तीची 2 फुटांवर मर्यादित केली, आणि त्यापेक्षा उंच मूर्ती ज्यांनी आधीच घडवल्या होत्या त्यांच्यापुढे त्या खपवायच्या कुठे हा प्रश्न उभा राहिला. पाटावरच्या मूर्तीला मात्र मोजपट्टीची धास्ती कमी, कारण ती मुळातच घरच्या मखराच्या मापाने सांगितलेली असते.

विसर्जनानंतर पाणवठ्याकाठची मूठभर माती किंवा वाळू त्याच पाटावर ठेवून घरी आणण्याची चाल अनेक घरांत आहे. ती माती घरात, अंगणात टाकली जाते, पाट पुसून माळ्यावर जातो, आणि खडूचे आडनाव पुढच्या आषाढापर्यंत त्यावर अंधुक का होईना, टिकून असते.