मुलांच्या तोंडावरचे मुरुम : ट्यूब घेण्याआधी नाव वाचा

पोरगं आठवी-नववीत गेलं की तोंडावर मुरुम येतात आणि घरात इलाज सांगणारे वाढतात. कुणी टूथपेस्ट लाव म्हणतं, कुणी लिंबू. दोन्हींनी कातडीची आग होते, मुरुम तिथंच राहतात.

वयात येताना हार्मोन्समुळे कातडीत तेल जास्त तयार होतं, छिद्रं बुजतात, आत जंतू वाढतात. मुरुम घाणीमुळे येत नाहीत. त्यामुळे वजूच्या वेळी पाण्यानं तोंड धुतलं तर काही बिघडत नाही, पण दर वेळी साबण लावून घासू नये. सौम्य साबण दिवसातून दोनदा पुरे. कपाळावर मुरुम असतील तर डोक्याचं तेल कमी करा.

खरी काळजी ट्यूबची आहे. धाराशिव असो, उमरगा असो की परंडा, मेडिकलवर "तोंडाला काहीतरी द्या" म्हटलं की स्टेरॉइड मिसळलेली क्रीम हातात पडू शकते. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावं ट्यूबवर दिसली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. दोन-चार दिवसांत चेहरा उजळतो, म्हणून पोरं खूश होतात. पुढं कातडी पातळ होते, लाली येते, मुरुम दुप्पट होतात. २०१८ साली सरकारनं अशी १४ औषधं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी मागणारे मागतातच. ज्यांनी बरेच दिवस लावली आहे त्यांनी एकदम बंद न करता डॉक्टरांना दाखवावं.

बिननावाची गोरेपणाची क्रीम तर नकोच. अकोल्यात एक कॉलेजची मुलगी, तिची आई आणि बहीण, तिघींच्या किडनीला अशा क्रीममुळे त्रास झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणीत क्रीममध्ये पारा निघाला. ही बातमी २०२३ ची.

मग लावायचं काय? थोडे मुरुम असतील तर अडीच टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड जेल. सुरुवातीला एक दिवसाआड, रात्री, पातळ थर. उशीच्या अभ्र्याचा रंग उडतो, तेव्हा पांढरा वापरा. काळ्या-पांढऱ्या बारीक पुटकुळ्यांना डॉक्टर अॅडापॅलीन देतात. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. आठवड्यात ट्यूब बदलणाऱ्याला कुठलंच औषध लागू पडत नाही.

मोठ्या दुखऱ्या गाठी, खड्डे, किंवा मुलीची पाळी अनियमित असून हनुवटीवर केस येत असतील तर घरी थांबू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. आता धाराशिवला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून न्या, रिकाम्या झालेल्यासुद्धा.