भिंतीला चुना, दाराला बिनशिशाचा रंग

मावळात पावसाने उघडीप दिली की दिवाळीच्या आत घर रंगवायची लगबग सुरू होते. जुन्या तैलरंगातला पांढरा म्हणजे सफेदा, अर्थात शिशाचे कार्बोनेट. जवसाच्या तेलात तो घट्ट, चिवट बसतो, म्हणून दारे-खिडक्यांना तो पसंत केला जाई. पण रंगाचे पोपडे सुटले की त्याची धूळ रांगत्या मुलांच्या हातून पोटात जाते आणि शिसे मेंदूच्या वाढीवर घाला घालते. शिशाचे निर्धोक प्रमाण असे काही नाहीच.

भिंतींपुरते उत्तर आपल्याकडे पूर्वीपासून आहे: चुना. अजिंठ्याच्या चित्रांतला पांढराही चुना, जिप्सम आणि पांढरी केओलिन माती यांचाच आहे. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुन्याची कळी उरते. कळी पाण्यात पडली की पाणी खदखदते. त्यामुळे पिंप लोखंडी हवे, कळी थोडी थोडी टाकायची आणि डोळ्यांना चष्मा हवाच. चुना रात्रभर मुरू द्यावा, फडक्यातून गाळावा, कोमट पाण्यात विरघळवलेला डिंक आणि चिमूटभर नीळ घालावी. डिंकामुळे चुना हाताला कमी लागतो.

आता भिंत. आधी ती झाडून ओली करा, मगच कुंचा फिरवा. पहिला हात जवळजवळ दिसतच नाही आणि इथेच लोक घाबरून जाड थर देतात. ओल्या थरात कणांमधल्या फटी पाण्याने भरलेल्या असतात, म्हणून प्रकाश आरपार जातो. पाणी उडून तिथे हवा शिरली की प्रकाश विखुरतो आणि भिंत पांढरी होते. पुढे हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुना पुन्हा चुनखडी बनतो. त्याला थोडी ओल लागते, म्हणून कडक उन्हात काम करू नये. पातळ तीन हात पुरतात. लोणावळ्यासारख्या दमट गावी मला चुनाच सर्वांत योग्य वाटतो: तो भिंतीतली ओल बाहेर पडू देतो आणि ताजा असेपर्यंत तीव्र अल्कलीमुळे बुरशीला थारा देत नाही. मात्र प्लास्टिक पेंटवर तो धरत नाही.

लाकूड-लोखंडालाही चुना चालत नाही. तिथे जस्ताचा पांढरा किंवा टायटॅनियम डायऑक्साइड. जस्ताचा पांढरा सफेद्यासारखा गंधकाच्या वायूने काळा पडत नाही, पण त्याचा थर ठिसूळ होतो. झाकण्याच्या ताकदीत टायटॅनियम सर्वांच्या पुढे. त्याचे खनिज इल्मेनाइट रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतही सापडते.

भारतात नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसे चालत नाही. डबा घेताना त्यावर हे लिहिलेले आहे का, ते पाहा. खरा धोका जुन्या थरात आहे. जुने दार कोरडे घासू नका, जाळून रंग काढू नका. पाणी मारून खरवडा, बारीक धूळ अडवणारा मास्क लावा, मुलांना आणि गरोदर बाईला लांब ठेवा, आणि निघालेला चुरा परसात टाकू नका.