रबराचा वड : लावण्यापूर्वीं जागेचा विचार

अलीकडे पुष्कळ शेतकरी शेतावर राहावयाचें घर बांधतात व घरापुढें शोभेकरितां रबराचा वड लावतात. रोपवाटिकेंत हें रोप कुंडींत दीड-दोन हात उंचीचें, रुंद, जाड व तुळतुळीत पानांचें, मोठें देखणें दिसतें. तें पुढें केवढें होईल हें विकणारा सांगत नाहीं व घेणाराही विचारीत नाहीं. परिणामीं जें झाड मोकळ्या माळावर शोभलें असतें तें विहिरीच्या काठावर किंवा ओट्याच्या कोपऱ्याशीं जाऊन बसतें. हें झाड लावूंच नये असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु तें कोठें लावावें हा प्रश्न खत, पाणी, छाटणी या सर्वांच्या आधीं सोडविला पाहिजे, म्हणून त्याची हकीकत येथें देत आहों.

शास्त्रांत यास फायकस इलॅस्टिका म्हणतात. वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक यांचें हें भावंड होय. याचें मूळ घर पूर्व हिमालयाचा पायथा, आसाम व मेघालय, आणि तेथून ब्रह्मदेश, मलय द्वीपकल्प व जावा येथपर्यंत आहे. त्या रानांत तें शंभर फूट उंच होतें. पुष्कळदां दुसऱ्या झाडाच्या बेचक्यांत पक्ष्यानें टाकलेलें बीं रुजतें, मुळें खालीं उतरून जमीन गांठतात, व कालांतरानें आश्रय देणारें झाड आंतल्या आंत संपतें. कोंवळ्या झाडाचें पान फूटभर लांब असतें, जुन्या झाडाचीं पानें त्यामानानें लहान. नवें पान तांबूस वेष्टनांत गुंडाळलेलें येतें व पान उलगडलें कीं वेष्टन गळतें. उंबरासारखींच लहान फळें धरतात. परंतु त्यांत बीं धरण्यास एक विशिष्ट जातीचा बारीक किडा लागतो, आणि जेथें तो नाहीं तेथें बीं फुकट जातें. म्हणून बागांतून याची वाढ कलमांवरच चालते.

नांवांत रबर आहे, तेव्हां उत्पन्नाची आशा कोणी धरूं नये म्हणून थोडें सांगतों. इ. स. १८१० च्या अखेरीस सिल्हेट येथील मॅथ्यू रिचर्ड स्मिथ नांवाच्या गृहस्थानें कलकत्त्याजवळील कंपनीच्या बागेचे डॉ. विल्यम रॉक्सबर्ग यांस मधानें भरलेलें वेताच्या विणीचें भांडें पाठविलें. वेताच्या विणींतून मध गळत कसा नाहीं हें पाहतां आंतून याच झाडाच्या चिकाचा लेप आढळला. पुढें रानांतील झाडें चिकाकरितां बेसुमार चिरलीं जाऊं लागलीं, तेव्हां सरकारनें १८७३ च्या सुमारास आसामांत चारद्वार येथें याची लागवड सुरू केली. परंतु १८७६ सालीं ब्राझीलमधून पारा रबराचें बीं विलायतेस गेलें, तेथून त्याचीं रोपें सिंहलद्वीप व मलाया येथें पोहोंचलीं, आणि त्या झाडानें याचा व्यापार बसविला. आज बाजारांत येणारें झाडाचें रबर बहुतेक सर्व त्या पारा जातीचें आहे. आपल्या अंगणांतला वड पैशाचा लाभ देणार नाहीं. देईल ती सावली.

आतां मुळांकडे वळूं. मेघालयांतील खासी व जैंतिया डोंगरांत लोकांनीं ओढ्यांवर याच झाडाच्या जिवंत मुळांचे पूल केले आहेत. पोफळीचें खोड पोखरून पन्हळ करितात, तींत कोंवळीं मुळें घालून पैलतीरास नेतात व तेथें मातींत रुजवितात. मुळें जाड होऊन एकमेकांस चिकटतात. माणसांचें ओझें सोसण्याजोगा पूल होण्यास पंधरा-वीस वर्षें जातात, परंतु नंतर तो वर्षानुवर्षें बळकटच होत जातो. चेरापुंजीच्या खालच्या अंगास नोंग्रियात गांवीं असा दुमजली पूल आहे. जें मूळ ओढा ओलांडतें त्यास विहिरीच्या बांधकामाची काय मातबरी ?

मुळें ओल शोधीत जातात, व तीं फार खोल न जातां वरच्या थरांतच दूरवर पसरतात. बांधीव विहिरीच्या सांध्यांत ओल असतेच. तेथें बारीक तंतु शिरतो तेव्हां तो दोऱ्याएवढा असतो. पुढें तो मनगटाएवढा होतो व चिरा जागचा हलतो. आमच्या माहितींतील एका विहिरीपासून असें झाड चवदा फुटांवर होतें. एका पावसाळ्यांत विहिरीची ती बाजू आंत ढांसळली, पंप गाळांत अडकला, आणि त्या वर्षीं हरभऱ्यास एकही पाणी मिळालें नाहीं. रोप घेतांना फार पैसे पडले नव्हते. विहिरीच्या दुरुस्तीस मात्र कर्ज काढावें लागलें.

म्हणून घराच्या पायापासून निदान ४० फूट, आणि विहीर, हौद, जमिनींतील नळ व शोषखड्डा यांपासून निदान ६० फूट अंतर ठेवावें. हे आंकडे आम्हीं पाहण्यावरून बांधले आहेत. जास्त ठेवतां आल्यास बरें. विजेच्या तारांखालीं तर लावूंच नये.

बांधावर पीक नसतें, तेव्हां झाड तेथेंच लावावें असा मोह पुष्कळांस होतो. महसूल खात्याच्या नोकरींत बांधावरच्या झाडांचे तंटे आम्हीं इतके पाहिले आहेत कीं याविषयीं स्पष्ट लिहिणें भाग आहे. झाड लहान असतां शेजारी कांहीं बोलत नाहीं. सावली त्याच्या ज्वारीवर पडूं लागली, मुळें त्याच्या सरींतलें पाणी ओढूं लागलीं, कीं खोड कोणाच्या हद्दींत हा प्रश्न निघतो व मोजणीचा अर्ज होतो. कधीं कधीं खोड हद्दीचा दगडच पोटांत घेतें, आणि मोजणीदारास खूण सांपडत नाहीं. रब्बीच्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळें सावली उत्तरेस लांब पडते. सबब उत्तर हद्दीवरचें झाड शेजाऱ्याचें पीक दाबतें व दक्षिण हद्दीवरचें आपलें. दोन्ही गोष्टी टाळाव्या. गोठ्याच्या किंवा खळ्याच्या पश्चिमेस मोकळी जागा असेल तर ती उत्तम. वैशाखांतील दुपारनंतरचें ऊन तेथें अडतें, व गुरें निवांत बसतात. एवढी जागा नसेल त्यानें कडुलिंबच लावावा हें बरें.

लागवड मृगाच्या पावसावर करावी. खड्डा तीन फूट लांब, रुंद व खोल; त्यांत कुजलेलें शेणखत व माती. पाणी तुंबणारी जागा नको. कुंडींत फार दिवस राहिलेल्या रोपाचीं मुळें गोल वळलेलीं असतात. तीं सोडवावीं, न सुटतील तीं कापावीं, नाहींतर झाड जमीन धरीत नाहीं व वादळांत कलतें. पहिले दोन उन्हाळे आठवड्यास एकदां भरपूर पाणी द्यावें. पुढें फारशी काळजी नाहीं. निफाडसारख्या कडक थंडीच्या भागांत पहिल्या हिंवाळ्यांत रोपावर आडोसा करावा. पांढऱ्या कडांच्या पानांचा प्रकार भर उन्हांत करपतो व सावकाश वाढतो.

नवीन रोप करणें असल्यास पावसाळ्यांत गुटी बांधावी. अंगठ्याएवढ्या फांदीची इंच-दीड इंच रुंदीची साल वाटोळी काढावी, चीक पुसून घ्यावा, भोंवतीं ओलें शेवाळ देऊन वर प्लास्टिकचा कागद घट्ट बांधावा. महिना-दोन महिन्यांत मुळें दिसूं लागतात. मग खालून कापून, निम्मीं पानें कमी करून, सावलींत कुंडींत लावावें. चीक डोळ्यांत जाऊं देऊं नये. अंगावर पडल्यास कांहींजणांस खाज सुटते, व कपड्यावरचा डाग जात नाहीं.

झाड लहान ठेवणें असल्यास दरवर्षीं छाटावें. जून लांकडासही नवे फुटवे येतात. पारंब्या कोंकणांतील दमट हवेंत पुष्कळ सुटतात, देशावर कमी. नको असलेली पारंबी दोऱ्याएवढी असतांच कापावी. जमिनीस लागली कीं ती खांब होते.

झाड आधींच विहिरीजवळ असेल तर प्रथम त्याचा विस्तार कमी करावा व मगच विहिरीच्या बाजूस तीन फूट खोल चर खणून मुळें तोडावीं. उलट केल्यास एका बाजूचा आधार तुटलेलें झाड वाऱ्यानें पडतें. खोडच काढणें असल्यास तें बुडासकट काढावें, कारण बुंधा पुन्हां फुटतो. मात्र तोडण्यास परवानगी लागते कीं काय याची आधीं चौकशी करावी. सांध्यांत शिरलेलें मूळ ओढून काढूं नये. त्याबरोबर चिराही येतो. तें चिऱ्याशीं सपाट कापावें, पुरतें वाळूं द्यावें, व उन्हाळ्यांत पाणी खालीं गेलें कीं सांधे सिमेंटनें भरून घ्यावे.