नवा अस्थिबंध बसला, वाटी मात्र मोडली

धावता धावता दिशा बदलताना पाय जमिनीत रुतला आणि गुडघा पिळवटला, की आतील ‘एसीएल’ हा अस्थिबंध तुटतो. फुटबॉलवेड्या गोव्यात हे नाव आता सर्वपरिचित आहे. तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी बहुधा रुग्णाच्याच शरीरातील कंडरेचा तुकडा बसवला जातो. या शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्ग किंवा गुडघा आखडणे यांची भीती सर्वांना असते; वाटी मोडण्याचा धोका सहसा कोणाच्या ध्यानीही नसतो.

हा तुकडा मांडीमागील हॅमस्ट्रिंग कंडरांतून घेतल्यास वाटीला धक्का लागत नाही. वाटीखालील कंडरेचा मधला पट्टा घेतला, तर मात्र त्याच्या एका टोकाला वाटीच्या व दुसऱ्या टोकाला नडगीच्या हाडाचा ठोकळा ठेवतात. हाडाशी हाड लवकर सांधते, म्हणून खेळाडूंसाठी अनेक शल्यविशारद हीच पद्धत निवडतात. वाटीतून निघणारा ठोकळा सुमारे १० मिलिमीटर रुंद आणि २० ते २५ मिलिमीटर लांब असतो. चार-साडेचार सेंटीमीटरच्या हाडाला हा खड्डा लहान नव्हे! करवतीचा काप काटकोनी किंवा गरजेपेक्षा लांब गेला, तर सारा ताण त्या कोपऱ्यात एकवटतो. कडेला चीर दिलेला कागद तिथूनच फाटावा, तसे. म्हणून कोपरे गोलसर ठेवणे, फार खोल न जाणे आणि बोगदे पाडताना निघालेला हाडाचा चुरा खड्ड्यात भरणे, ही दक्षता घेतली जाते.

प्रकाशित वैद्यकीय अहवालांत या अस्थिभंगाचे प्रमाण साधारणतः शंभरात दोनांहून कमी आढळते. तो बहुधा पहिल्या काही महिन्यांत होतो. वेदना ओसरलेली असते, चालणे सुधारलेले असते आणि हाडातील खड्डा मात्र पुरता भरलेला नसतो. खरी गफलत इथेच होते. कधी गुडघ्यावर पडल्याने वाटी फुटते, तर कधी पाय घसरताना तोल सावरण्यासाठी मांडीचा पुढचा स्नायू जोराने आवळला जातो आणि वाटी आडवी मोडते. जिने, उकिडवे बसणे, उड्या यांचा क्रम फिजिओथेरपिस्ट जपून ठरवतात, तो याचसाठी.

अचानक तीव्र कळ, सूज आणि सरळ पाय उचलता न येणे ही लक्षणे दिसताच एक्स-रे काढावा. तुकडे जागेवर असल्यास पाय पट्ट्यात सरळ ठेवून हाड सांधते. ते सरकले असतील, तर तारा किंवा स्क्रूने बसवावे लागतात आणि गुडघा वाकवण्याचा व्यायाम पुन्हा हळूहळू सुरू करावा लागतो.